वैडूर्य म्हणजे नेमके कोणते रत्न?

वैडूर्य हा शब्द मराठी वाचकाला आज प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतो. नवग्रहांच्या रत्नांची यादी वाचताना केतूच्या नावापुढे तो दिसतो, आणि संस्कृत काव्यांची व पुराणांची भाषांतरे वाचताना राजवाड्यांच्या, सरोवरांच्या आणि दागिन्यांच्या वर्णनांत तो येतो. शब्द तोच असल्यामुळे दोन्हीकडे रत्नही तेच असणार, असे आपण धरून चालतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या सराफाकडे वैडूर्य मागितले, तर तो लसण्या पुढे ठेवील, म्हणजे ज्याला आता बहुतेक लोक कॅट्स आय म्हणतात तो खडा. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला, तर तिथे वैडूर्याचा अर्थ लॅपिस लॅझुली, म्हणजे निळा अपारदर्शक लाजवर्द, असा दिलेला सापडतो. १८९९ साली निघालेला मोनियर विल्यम्स यांचा कोश मात्र सराफाच्या बाजूने उभा राहतो आणि मांजरडोळा हा अर्थ देतो. आणि प्राचीन काळच्या रत्नव्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांना विचारावे, तर त्यांचे उत्तर या दोहोंहून निराळे असते. त्यांच्या मते वैडूर्य म्हणजे मुळात बेरिल.

ही तीन उत्तरे एकाच रत्नाची तीन नावे नाहीत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. बेरिल हे बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचे बनलेले खनिज असून त्याचे स्फटिक सहा बाजूंच्या लांब कांड्यांसारखे वाढतात. शुद्ध असेल तर ते पाण्यासारखे रंगहीन असते आणि त्यात लोहाचा अंश मिसळला की निळसर, हिरवट किंवा पिवळे होते. मांजरडोळा ज्या खनिजाचा असतो ते क्रिसोबेरिल. त्यातही बेरिलियम आणि ॲल्युमिनियम असते, परंतु सिलिका अजिबात नसते. कठीणपणाच्या एक ते दहा अशा मोस मापश्रेणीत बेरिल ७.५ ते ८ इतके, तर क्रिसोबेरिल ८.५ इतके. लाजवर्द तर एक खनिज नसून अनेक खनिजांनी बनलेला खडक आहे, त्याची पुरातन खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शान भागात आहे, आणि त्याच्या गडद निळ्या अंगावर सोनेरी ठिपके असतात. पारदर्शक कांडी, डोळ्यासारखी चमक असलेला मधाळ खडा आणि अपारदर्शक निळा दगड, इतका हा फरक मोठा आहे.

एकाच शब्दाला इतके वेगळे अर्थ चिकटण्याचे कारण कोशकारांचा निष्काळजीपणा हे नव्हे. जुन्या काळी रत्नांना नावे देताना रंग, तेज, आकार आणि उगमस्थान एवढ्याच गोष्टी पाहता येत होत्या. रासायनिक घटकांवरून खनिज ओळखण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस आली, त्यापूर्वी ती जगात कुठेच नव्हती. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन खनिजांना एक नाव मिळणे आणि एकाच खनिजाच्या दोन रंगांना दोन नावे मिळणे, हे दोन्ही सर्रास घडत होते. पाचू म्हणजे संस्कृतातला मरकत हाही खनिजशास्त्राच्या दृष्टीने बेरिलच आहे, क्रोमियम किंवा व्हॅनेडियम यांच्यामुळे गडद हिरवा झालेला. परंतु संस्कृत वाङ्मयात मरकत आणि वैडूर्य ही दोन स्वतंत्र रत्ने आहेत आणि कवी त्यांना वेगळेच ठेवतात. म्हणून माझे म्हणणे असे, की ‘वैडूर्याचा खरा अर्थ कोणता’ हा प्रश्न असा मोघम विचारून उत्तर मिळणार नाही; कोणत्या काळातल्या, कोणत्या ग्रंथातल्या वैडूर्याबद्दल आपण बोलत आहोत, हे आधी ठरवावे लागते. ते ठरवले की उत्तरे बरीच निश्चित मिळतात.

सर्वांत जुना धागा व्याकरणातला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘विदूराञ्ञ्यः’ असे एक सूत्र आहे (४.३.८४). विदूर या ठिकाणी जे उत्पन्न होते ते वैदूर्य, अशी त्याने शब्दाची सिद्धी केली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात या सूत्रावर घेतलेली शंका मला फार मोलाची वाटते, कारण तीत व्याकरणाइतकेच व्यापाराचेही ज्ञान आहे. तो म्हणतो, की हा मणी विदूरात उत्पन्न होतच नाही. तो उत्पन्न होतो वालवाय नावाच्या पर्वतावर, आणि विदूर नगरात त्यावर फक्त संस्कार होतो. मग सूत्र चुकले काय? पतंजली त्याची तीन प्रकारे संगती लावून दाखवतो. त्यांतला शेवटचा प्रकार असा, की व्यापारी लोक वाराणसीला ज्याप्रमाणे आपसांत जित्वरी म्हणतात, त्याप्रमाणे वैयाकरण वालवायाला विदूर म्हणतात, असे समजावे. वालवाय आणि विदूर ही ठिकाणे नकाशावर कुठे होती याचा निकाल या उताऱ्यावरून लागत नाही. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी खाण एकीकडे आणि घासून पैलू पाडण्याचे काम दुसरीकडे चालत होते, आणि ग्राहकाला रत्न ज्या गावच्या नावाने मिळे ते गाव कारागिरांचे होते, ही माहिती त्यातून हाती येते. आजही रत्ने खाणीच्या गावाऐवजी बाजाराच्या गावाच्या नावाने विकली जातात, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको.

हा उतारा पुण्याला अपरिचित नाही. महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न हे १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि महाभाष्याचे मराठी भाषांतर महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी पुण्यातच केले. ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनाही वैडूर्याची ही चर्चा मराठीतून वाचता येते, याचा लाभ रत्नांविषयी लिहिणाऱ्यांनी अधिक घ्यायला हवा.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञ पाणिनीची व्युत्पत्ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. पालीत या रत्नाला वेळुरिय म्हणतात आणि प्राकृतात वेरुलिय. हे बोलीतले रूप आधीचे असून वैडूर्य हे त्याचे संस्कृत केलेले रूप असावे, असे मत आता बहुधा मान्य आहे. मूळ शब्द दक्षिणेतला, द्राविडी असावा, असेही अनेकांनी सुचवले आहे. वैडूर्यातला ड हा वेळुरियातल्या ळचा माग आहे, तर वैदूर्य हे द असलेले रूप विदूर या नावाशी नाते जोडण्यासाठी घडलेले दिसते. मराठी माणसाला वेळुरिय म्हटले की वेळू आठवतो, आणि जुन्या ग्रंथांत या रत्नाच्या रंगाला बांबूच्या पानाची उपमा वारंवार दिलेली असल्यामुळे ते दोन्ही शब्द एकच असावेत असा मोह होतो. परंतु या जुळणीला पुरावा नाही, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

या प्राकृत रूपाचा परदेशातला प्रवास मात्र पुराव्यानिशी दाखवता येतो. ग्रीकांनी रत्नाबरोबर नाव उचलले आणि त्याचे बेरिल्लोस केले, लॅटिनमध्ये ते बेरिल्लुस झाले आणि त्यावरून बेरिल हे खनिजाचे आजचे जागतिक नाव आले. मध्ययुगात युरोपात वाचनासाठी लागणारी भिंगे बेरिलसारख्या स्वच्छ स्फटिकांपासून घासून काढत, म्हणून जर्मन भाषेत चष्म्याला आजही ब्रिले म्हणतात. १७९८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लँ यांनी बेरिल आणि पाचू यांचे पृथक्करण केले, तेव्हा दोन्हींत एकच अपरिचित मूलद्रव्य सापडले; त्याचे नाव पुढे बेरिलियम असे रूढ झाले. पाचू आणि बेरिल ही एकाच जातीची रत्ने असावीत, असा अंदाज रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवला होता. तो सप्रमाण सिद्ध व्हायला सतरा शतके जावी लागली. पूर्वेकडे चिनी भाषेत वेळुरियाचे लिऊली झाले आणि कालांतराने त्याचा अर्थ रंगीत काच व झिलई असा पालटला. अरबी-फारसीतला बिल्लौर, म्हणजे स्फटिक, हाही याच कुळातला असावा असे मानतात. तसे असेल तर मराठीतला बिलोरी आरसा हा वैडूर्याचा दूरचा नातेवाईक ठरतो, आणि देशातून निघालेला एक शब्द पश्चिमेला वळसा घालून निराळ्या वेषात परत आला असे म्हणता येते.

शब्द प्रवास करतो तेव्हा त्याच्याबरोबर काय गेले हे तपासता येते, आणि त्यामुळे वैडूर्याच्या मूळ अर्थाचा प्रश्न सुटायला मदत होते. इसवी सन ७९ मध्ये मरण पावलेल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या सदतिसाव्या भागात बेरिलचे वर्णन केले आहे. हे रत्न भारतात होते आणि अन्यत्र क्वचितच सापडते, कारागीर ते षट्कोनी आकारात घासतात आणि समुद्राच्या निर्मळ हिरव्या पाण्यासारखा ज्याचा रंग तो खडा सर्वांत श्रेष्ठ, असे तो लिहितो. स्फटिकाला रंग देऊन नकली बेरिल बनवण्याची युक्ती भारतीयांना साधली आहे, अशीही तक्रार तो करतो. रोममध्ये पोहोचलेला खडा नि:संशय आजच्या अर्थाने बेरिलच होता. दक्षिणेकडे पाहिले, तर तमिळनाडूत कांगेयमजवळ पडियूर येथे बेरिलची जुनी खाण आहे, तिथून फार दूर नसलेल्या कोडुमणल येथील उत्खननात रत्ने घासण्याचे व मणी बनवण्याचे उद्योग उजेडात आले आणि त्यांत बेरिलही मिळाले. त्याच कोइमतूर परिसरात रोमन नाण्यांचे अनेक साठे सापडलेले आहेत. खाण, कारखाना, नाणी आणि नाव अशी ही साखळी पुरी होते. मांजरडोळ्यासाठी किंवा लाजवर्दासाठी अशी साखळी मांडता येत नाही.

आता घरच्या ग्रंथांकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या खजिन्यात दाखल करायच्या रत्नांची परीक्षा सांगताना वैडूर्याचे प्रकार दिले आहेत (२.११). उत्पलवर्ण म्हणजे निळ्या कमळाच्या रंगाचे, शिरीषपुष्पक म्हणजे शिरीषाच्या फुलासारखे, उदकवर्ण म्हणजे पाण्याच्या रंगाचे, वंशराग म्हणजे वेळूच्या रंगाचे, शुकपत्रवर्ण म्हणजे पोपटाच्या पंखासारखे, आणि त्यापुढे पुष्यराग, गोमूत्रक व गोमेदक. ही यादी दोन कारणांसाठी सावकाश वाचावी. पहिले कारण असे, की निळ्यापासून पाण्यासारख्या रंगापर्यंत आणि हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत ही जी रंगांची पट्टी आहे, ती बेरिलला विलक्षण चपखल बसते. ज्या निळसर-हिरव्या बेरिलला आज बाजारात ॲक्वामरीन म्हणतात, त्या नावाचा अर्थच समुद्राचे पाणी असा आहे, आणि तो उदकवर्णाच्या अगदी जवळ जातो. दुसरे कारण असे, की पुष्यराग आणि गोमेदक यांना कौटिल्याने वैडूर्याचेच उपप्रकार म्हटले आहे. आजच्या नवरत्नांत पुष्कराज गुरूचा, गोमेद राहूचा आणि वैडूर्य केतूचे, अशी ही तीन रत्ने वेगवेगळी असतात. म्हणजे एका काळी वैडूर्य हे एक विस्तृत कुळ होते आणि पुढे त्यातल्या रंगांनी स्वतंत्र घरे केली. या यादीत डोळ्यासारख्या चमकेचा किंवा फिरत्या रेघेचा मात्र उल्लेखच नाही. मांजरडोळ्याचे वर्णन करताना जी गोष्ट कोणीही प्रथम सांगेल तीच रत्नपारखी ग्रंथकाराने गाळावी, हे मला संभवनीय वाटत नाही.

कालिदासाची साक्ष याहून बोलकी आहे, आणि आश्चर्य असे की ती रंगापेक्षा आकाराविषयीची आहे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या जन्माने तिची माता कशी शोभली हे सांगताना कवी म्हणतो, नव्या मेघाच्या गर्जनेने उगवून आलेल्या रत्नशलाकेमुळे विदूरभूमी शोभावी तशी (१.२४). वैडूर्य हे मेघगर्जनेने जमिनीतून अंकुरासारखे फुटते, असा तेव्हा समज होता. राजनिघंटु या कोशात वैडूर्याच्या पर्यायांमध्ये खशब्दांकुर, म्हणजे आकाशाच्या नादाने फुटलेला कोंब, असे नाव आहे, तेही याच समजुतीतून आलेले. गरुडपुराणातही या रत्नाची उत्पत्ती दैत्याच्या गर्जनेपासून सांगितली आहे. शलाका म्हणजे काडी किंवा सळई. नदीच्या वाळूत मिळणाऱ्या गोट्यांना कोणी शलाका म्हणणार नाही, आणि क्रिसोबेरिलचे स्फटिकही बहुधा चपटे व जुळे असतात. याउलट बेरिलचा स्फटिक खडकात पाहिला तर तो जमिनीतून वर आलेल्या सरळ हिरवट कोंबासारखा दिसतो. ज्याने प्रथम हे रत्न अंकुरासारखे उगवते असे म्हटले, त्याने बेरिल खडकात उभे असलेले पाहिले होते, असे अनुमान मी निर्धास्तपणे करतो.

मेघदूतातला दुसरा दाखला याला दुजोरा देतो. यक्षाच्या घराजवळच्या विहिरीच्या पायऱ्या मरकताच्या शिळांनी बांधलेल्या आहेत आणि तिच्यात सोन्याची कमळे फुललेली आहेत, ज्यांचे देठ तुळतुळीत वैडूर्याचे आहेत. कमळाचा देठ लांब, गोलसर, फिकट हिरवा असतो. त्या जागी बेरिलची कांडी कल्पिली की चित्र पुरे होते. त्याच श्लोकात मरकताची पायरी वेगळी सांगितली असल्यामुळे कवीच्या मनात दोन हिरव्या छटांचा भेद स्पष्ट होता, हेही दिसते. अनेक मराठी भाषांतरांत इथे ‘वैडूर्य’ असाच शब्द ठेवलेला असतो आणि तेच योग्य आहे. परंतु त्याला तळटीप देऊन ‘लसण्या’ असा अर्थ दिला, की सोनेरी कमळाला मधाच्या रंगाचा, डोळ्यासारखा चमकणारा देठ येतो आणि सगळे वर्णन विसंगत होते.

मग लसण्या आला कुठून? मध्ययुगातल्या रसशास्त्राच्या, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधे बनवण्याच्या विद्येच्या, आणि रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत वैडूर्याची खूण बदललेली दिसते. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात उत्तम वैडूर्याचे लक्षण सांगताना ‘भ्रमच्छुभ्रोत्तरीयेण गर्भितम्’ असे शब्द आले आहेत: ज्याच्या पोटात पांढरे उत्तरीय फिरत आहे असा. मांजरडोळ्याचे याहून नेमके आणि याहून सुंदर वर्णन माझ्या वाचनात नाही. खडा बोटांत धरून कलता केला की पांढरी रेघ एका बाजूकडून दुसरीकडे सरकते, हे ज्याने हातात घेऊन पाहिले आहे त्यालाच हे शब्द सुचतील. इथे वैडूर्य म्हणजे मांजरडोळा यात शंका उरत नाही. हा बदल एका दिवसात झाला नसणार. हिरवट-पिवळ्या वैडूर्यांच्या कुळात हा चमकदार खडा आधीपासून असेल, पुढे पुष्कराज आणि गोमेद वेगळे झाले, साधे फिकट बेरिल मागे पडले, आणि कुळाचे नाव त्यातल्या सर्वांत लक्षवेधी खड्याकडे राहिले, असा क्रम मला सर्वाधिक पटतो.

ही फिरती रेघ कशामुळे पडते, ते थोडक्यात सांगतो. क्रिसोबेरिल वाढत असताना त्याच्या आत सुईसारखे अत्यंत बारीक कण किंवा पोकळ नळ्या एकाच दिशेने, एकमेकींना समांतर अशा अडकून राहतात. अशा खड्याला पैलू न पाडता त्याची पाठ घुमटासारखी गोल आणि बूड सपाट ठेवून घासतात. या घाटाला कॅबोशॉन म्हणतात. मग वरून पडलेला उजेड त्या असंख्य सुयांवरून परावर्तित होतो आणि सुयांच्या दिशेशी काटकोन करणारी एकच प्रकाशरेषा दिसते. रेशमाच्या दोऱ्याचे रीळ दिव्याखाली धरले की दोऱ्यांना आडवी जाणारी उजळ रेघ दिसते, तिचे कारण हेच आहे. घासणाऱ्याने सुयांची दिशा चुकवली तर रेघ मध्यभागी येत नाही किंवा वाकडी पडते, म्हणून या खड्याची निम्मी किंमत कारागिराच्या हातात असते. असे समांतर तंतू क्वार्ट्झमध्ये, तुरमलीत, अगदी बेरिलमध्येही असू शकतात, आणि त्या सर्वांत डोळा दिसतो. डोळा हा खनिजाचा पुरावा नव्हे, हे गिऱ्हाइकाने विसरू नये.

लाजवर्दाचा अर्थ आपट्यांच्या कोशात का आला असावा, याचा विचार त्या विद्वानाविषयीच्या आदरानेच केला पाहिजे. त्यांनी ज्या स्थळांचा निर्देश केला आहे, त्यांत कुमारसंभवाच्या सातव्या सर्गातली पार्वतीच्या मंगलस्नानाची जागा आहे, आणि तिथली जमीन वैडूर्याच्या शिळांची आहे. बेरिलच्या किंवा मांजरडोळ्याच्या फरशा कोणी बसवू शकत नाही. लाजवर्दाच्या मात्र पाट्या निघतात. शिवाय बौद्ध परंपरेत भैषज्यगुरू हा वैडूर्यप्रभ बुद्ध गडद निळ्या रंगात दाखवतात, आणि तिबेट व चीन येथे वैडूर्य म्हणजे निळे रत्न हाच अर्थ रुजला. गरुडपुराणातही मोराच्या कंठासारख्या निळ्या वैडूर्याला श्रेष्ठ मानले आहे. तरीही भारतीय ग्रंथांपुरता हा अर्थ मला मान्य होत नाही, कारण लाजवर्दाला राजावर्त हे स्वतंत्र नाव आपल्याकडे आहे आणि रसशास्त्र त्याला वैडूर्यापासून वेगळे ठेवते. काव्यातल्या फरशीसाठी एवढी ओढाताण करण्याचीही गरज नाही. ज्या कवीने मरकताच्या पायऱ्या बांधल्या त्याला वैडूर्याची फरशी घालायला अडचण कसली?

आजच्या व्यवहारात वैडूर्य म्हणजे लसण्या हे समीकरण पक्के आहे आणि ते बदलण्याचा खटाटोप कोणी करू नये. अडचण येते ती मधल्या मोघमपणामुळे. रत्नशास्त्राच्या सर्वमान्य प्रघातानुसार नुसते कॅट्स आय म्हटले की क्रिसोबेरिलच समजायचे, आणि दुसरे खनिज असेल तर त्याचे नाव जोडून क्वार्ट्झ कॅट्स आय असे म्हणायचे. बाजारात मात्र क्वार्ट्झचा खडाही लसण्या या नावाने विकला जातो आणि काचेच्या तंतूंचा बनवलेला भडक रंगाचा खडाही. दोन्हींची किंमत क्रिसोबेरिलच्या मानाने अगदीच किरकोळ असते. नुसत्या डोळ्याने फरक ओळखणे अनुभवी माणसालाही नेहमी जमत नाही, परंतु वजनाची परीक्षा सोपी आणि निर्णायक आहे. क्रिसोबेरिलचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या मानाने वजन, सुमारे ३.७३ पट आहे, तर क्वार्ट्झचे २.६५. म्हणजे हवेत ५ कॅरट, अर्थात १ ग्रॅम, भरणारा क्रिसोबेरिलचा सुटा खडा पाण्यात बुडवून तोलला तर सुमारे ३.६६ कॅरट भरतो, आणि तेवढाच क्वार्ट्झचा खडा ३.११ कॅरटच्या आसपास. दागिन्यात जडवलेल्या खड्याला ही परीक्षा लागू पडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचे माप, मोजतात. क्रिसोबेरिलचा तो साधारण १.७४ ते १.७५ आणि क्वार्ट्झचा १.५४ ते १.५५ असतो. म्हणून खडा जडवण्याआधीच तपासून घ्यावा.

केतूसाठी वैडूर्य धारण करावे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात मी शिरत नाही. परंतु जो ते धारण करतो त्याला आपण काय घेतले हे कळण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि ‘वैडूर्य’ असा भारदस्त संस्कृत शब्द पावतीवर लिहिल्याने तो हक्क पुरा होत नाही. वर सांगितलेला सगळा इतिहास पाहता हा शब्द पावतीवर जवळजवळ काहीच सांगत नाही. पावतीवर खनिजाचे नाव क्रिसोबेरिल, खडा नैसर्गिक आहे की कृत्रिम, आणि वजन कॅरटमध्ये, एवढे तरी लिहून घ्यावे. लसण्या हा बोलण्यातला शब्द आहे आणि तो तसाच गोड राहू द्यावा. त्याने ओळख पटते, हमी मिळत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी काही सूचना करतो. वैडूर्य आणि वैदूर्य ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. मराठीत पहिले अधिक रूढ असल्यामुळे तेच वापरावे, आणि एका लेखात दोन्ही मिसळू नयेत. शब्द नपुंसकलिंगी आहे: ते वैडूर्य, वैडूर्याचे तेज. मणी जोडला की वैडूर्यमणी हा पुल्लिंगी होतो, आणि लसण्याही पुल्लिंगीच. महाभारताच्या वनपर्वात पांडवांच्या तीर्थयात्रेत नर्मदेजवळ वैडूर्यपर्वत येतो. तिथे तो पर्वताचे नाव म्हणूनच ठेवावा आणि त्यावरून तिथे खाण होती असे लिहू नये. प्राचीन ग्रंथाचे भाषांतर करताना मूळ शब्द राखून तळटीपेत ‘बहुधा बेरिल’ असे म्हणावे. तेराव्या शतकाच्या आसपासच्या व पुढच्या रत्नग्रंथांत ‘मांजरडोळा’ म्हणायला हरकत नाही. बौद्ध संदर्भात ‘निळे रत्न’ असे सांगून थांबावे. वैडूर्याचे भाषांतर पाचू असे कुठेच करू नये, कारण मरकत हा शब्द शेजारी आला की वाक्य कोसळते.

डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या कामात सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढलेल्या आहेत आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ काळाच्या क्रमाने मांडण्याची त्याची पद्धत आहे. वैडूर्यासारख्या शब्दाला हीच पद्धत हवी. परंतु त्या कोशाचे छापील खंड अजून ‘अ’ या अक्षरातच आहेत, आणि ‘व’ची पाळी यायला फार अवकाश आहे. तोवर आपट्यांचा कोश आणि मोनियर विल्यम्स यांचा कोश शेजारी शेजारी ठेवून, दोघांनी दिलेले अर्थ प्रत्यक्ष उताऱ्यावर पडताळून पाहणे, आणि त्या उताऱ्यात रंग सांगितला आहे की आकार की फिरती रेघ, हे तपासणे, एवढे काम वाचकाला स्वतः करावे लागेल.